अडीच वाजता, तसबीह हातात

नागपुरातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय ४१, सासर मोमिनपुऱ्याच्या बाजूला, मुलगा यंदा दहावीत. मागच्या उन्हाळ्यात वडील गेले. तेव्हापासून, म्हणजे आठ महिने झाले, रात्री अडीचच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते आणि फजरपर्यंत, म्हणजे पहाटेच्या नमाजपर्यंत, डोळा लागत नाही. नणंदेनं मोबाइलवर पाठवलेले वजीफे, म्हणजे मोजून म्हणायचे जप, त्या झोपण्याआधी पढतात. यादी वाढत वाढत अकरा गोष्टींची झाली, तिला दीड तास लागतो. मध्येच गणती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. वुजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं, नीट झाला नाही असं वाटून तीन-तीनदा उठतात. काही राहिलं तर मुलाला काहीतरी होईल, ही धास्ती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कपाटात तशाच पडून आहेत, कारण गोळी घेतली म्हणजे अल्लाहवर भरवसा नाही, असं घरात म्हणतात. नणंदेचं म्हणणं, "ईमान कच्चा है तेरा," म्हणजे श्रद्धाच कमी. तिचा नवा वजीफा बहुतेक रात्री दीडला येतो. बाई विचारतात: नेमकं काय आणि किती वेळा पढलं की झोप लागेल? आणि माझं ईमान खरंच कच्चं आहे का?

पत्रात तू मला आपा म्हटलंस, तर मीही 'तुम्ही' सोडते.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि तुझ्या यादीतल्या आकड्यांची बेरीज केली. दोन हजारांच्या वर गेली. दिवसभर वर्गात पोरांची हजेरी घेणारी बाई रात्री गादीवर बसून स्वतःचीच हजेरी घेते, आणि एक नंबर चुकला की पूर्ण वर्गाला पुन्हा उभं करते. यात झोप कुठून शिरणार? तिला दारच उघडं नाही.

तू विचारतेस किती वेळा. मला आधी हे विचारायचंय की झोपण्याआधीचे अमल, म्हणजे या पढण्या-करण्याच्या गोष्टी, कशासाठी सांगितलेत, असं तुला वाटतं? तुझ्या पत्रातून तरी असं दिसतं की रात्र म्हणजे एक पेपर आहे, पूर्ण मार्क पडले तर झोप मिळेल आणि मुलगा सुखरूप राहील. नाही पडले तर काहीतरी वाईट होईल. हा हिशेब तुला कोणी शिकवला? ज्या हदीसींमधून, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांमधून आणि आठवणींमधून, हे अमल आले, त्यात तर तो सापडत नाही.

पैगंबर साहेबांच्या लेकीची, बीबी फातिमांची गोष्ट तुला ठाऊक असेलच, पण एकदा सावकाश आठवून बघ. जातं ओढून ओढून हाताला घट्टे पडले होते. घरकामाला मदतनीस मिळावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या, पण भेट झाली नाही. रात्री पैगंबर साहेब स्वतः त्यांच्या घरी आले. फातिमा आणि त्यांचे शौहर हजरत अली दोघं अंथरुणात होते. दोघं उठायला लागले, तर पैगंबर साहेब म्हणाले, जागेवरच राहा. मग दोघांच्या मध्ये बसले. हजरत अली सांगतात, त्यांच्या पावलांचा गारवा माझ्या छातीला जाणवला. आणि मग सांगितलं: झोपायला जाताना ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणा, हे नोकरापेक्षा चांगलं आहे.

आकडा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो कोणाला सांगितला ते बघ. कामानं पिचलेल्या बाईला, ती पडलेली असताना, तिला उठू न देता. शंभर दाणे. धीम्या गतीनं म्हटले तरी पाच-सात मिनिटं. फर्ज, म्हणजे सक्तीचं, नाही; सुटले तर कजा, म्हणजे नंतरची भरपाई, नाही; आणि ३३ चे ३१ झाले तर कोणी दंड लावत नाही. तू मात्र थंडीच्या दिवसांत तीन वेळा उठून गार पाण्यानं वुजू करतेस.

दुसरी गोष्ट मला याहूनही जवळची वाटते. मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली दिसली. ही कशाला, असं पैगंबर साहेबांनी विचारलं. लोक म्हणाले, तुमच्या बेगम बीबी जैनबची आहे, नमाजमध्ये थकल्या की तिला धरून उभ्या राहतात. ते म्हणाले, सोडा ती. अंगात उमेद असेल तोवर पढावं, थकलं की बसावं. तुझी अकरा कलमांची यादी म्हणजे ती दोरी आहे गं. कोणीतरी सोडायला सांगेपर्यंत तू धरून उभी आहेस.

बरं, सोडायची म्हणजे सगळंच टाकून द्यायचं का? तसं मुळीच नाही. जे मुळात आहे ते इतकं थोडकं आणि इतकं हाताशी आहे की त्याला यादी लागत नाही.

माझी नानी कामठीला राहायची. रात्री ती झोपायला आली की आधी ओढणीचा पदर हातावर गुंडाळायची आणि गादी झटकायची, तीनदा, उशीपासून पायथ्यापर्यंत. आम्ही पोरं हसायचो; वाटायचं, विंचवासाठी करते. कामठीच्या त्या जुन्या घरात विंचू निघायचे हेही खरं. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की अंथरूण झटकून मग पडावं, हे हदीसमध्ये आहे. मग ती उजव्या कुशीवर वळायची, हात गालाखाली, कंदील बारीक. ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही. दोन-चार मिनिटांत ओठ थांबायचे. नानीनं आयुष्यात कधी आकडा पूर्ण केला की नाही, कोण जाणे! तिच्या तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, दोन दाणे तर मीच लहानपणी तोडले होते.

नानी जे करायची ते जवळपास सगळं सहीह, म्हणजे खात्रीच्या, हदीसींमध्ये आहे. वुजू करावा, उजव्या कुशीवर पडावं, आणि "मी स्वतःला तुझ्या हवाली केलं" अशा अर्थाची दुआ म्हणावी. आयतुल कुर्सी, म्हणजे कुरआनातल्या सूरह बकराची २५५ वी आयत. हाताची ओंजळ करून कुल हुवल्लाह, फलक आणि नास या तीन छोट्या सूरह पढून फुंकावं आणि हात अंगावरून फिरवावे, असं तीनदा. दिवे विझवावे. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर उगाच गप्पा छाटत बसू नये. या शेवटच्या गोष्टीकडे मात्र तुझं लक्ष नाही. गप्पा तू छाटत नाहीस, पण यादी मोबाइलवर आहे, गणतीचं अॅप मोबाइलवर आहे, आणि नणंदेचा निरोपही तिथंच टिंग करतो. तो उजेड आणि तो टिंग तुला पुन्हा बाजारात नेऊन बसवतो. आज रात्रीपासून फोन मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेव. (तो म्हणेल, मग माझाही तिथंच का? म्हणू दे. दोघांचाही ठेवा.) फजरच्या गजरासाठी साधं घड्याळ आण.

आता त्या दुआच्या अर्थावर थोडं थांबते, कारण सगळी गंमत तिथंच आहे. हवाली करणं. दिवसभर डोक्यावर वाहिलेलं ओझं रात्री उतरवून दुसऱ्याच्या ताब्यात देणं. तू काय करतेस? ओझं देतेस, आणि रात्रभर पावती मागत बसतेस.

तर माझं सांगणं असं. महिनाभर फक्त तीन गोष्टी ठेव: ती हवाली करण्याची दुआ, आयतुल कुर्सी, आणि बीबी फातिमांची तसबीह, तीही बोटांवर, अॅपवर नाही. दहा मिनिटांत आटपायला हवं. वाटलं तर ओंजळीत फुंकण्याचं मुलाच्या खोलीत जाऊन कर, त्याच्या डोक्यावरून हात फिरव, पण एकदाच. बाकीची यादी कुठं जात नाही. ती दिवसा, असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजनंतर, मन असेल तेव्हा पढ. आणि गणती चुकली तर मागे जायचं नाही, पुढेच जायचं. हा एकच नियम कडक पाळ. पहिल्या चार-पाच रात्री जीव कासावीस होईल, मला माहीत आहे.

पढायचं कसं, हेही सांगते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी कॅथलिक माळेवरची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला होता. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय निवांत झाली. तो अभ्यास आपल्या तसबीहवर नव्हता, पण शरीर तेच आहे. सुबहानल्लाह म्हणताना श्वास सोडायचा, लांब, घाई न करता. दोन हजार उरकायचे असले की श्वास छातीतच अडकतो, आणि धडधडणाऱ्या छातीला वाटतं की आपण पळतोय.

आता अडीचला जाग येते त्याचं. जाग येणं हा गुन्हा नाही. घड्याळ बघणं मात्र बंद कर. ते भिंतीकडे तोंड करून ठेव. पंधरा-वीस मिनिटं झाली असं अंदाजानं वाटलं आणि झोप येत नसेल, तर अंथरुणात लोळू नकोस. उठून दुसऱ्या खोलीत जा, मंद दिवा, शाल ओढून बस. मन झालं तर दोन रकात तहज्जुद, म्हणजे रात्रीची ऐच्छिक नमाज, पढ, छोट्या सूरह घेऊन. त्यानंतर पापण्या जड झाल्या की परत ये. पण आधी ठरवून "आता उठलेच आहे तर फजरपर्यंत इबादतच" असं करू नकोस. नमाजमध्ये पेंग येत असेल तर झोप पुरी होईपर्यंत झोपावं, हीसुद्धा हदीसच आहे. अब्दुल्लाह इब्न अम्र नावाचे तरुण सहाबी, म्हणजे पैगंबर साहेबांचे सोबती, रोज रोजा आणि रात्रभर नमाज करायचे. त्यांना सांगितलं गेलं की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा हक्क आहे, तुझ्या बायकोचा हक्क आहे. म्हातारपणी ते म्हणायचे, ती सवलत घेतली असती तर बरं झालं असतं.

बाकी झोपेचं जे वैद्यकीय आहे ते थोडक्यात: सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेव, रात्र कशीही गेली तरी. शाळेतून आल्यावरचा चहा शेवटचा; चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं. दुपारची झोप, आपली कैलूला, वीस मिनिटांची असू दे, दोन तासांची नको. नागपूरच्या जूनमध्ये फजर सव्वाचारच्या सुमारास लागते आणि इशा साडेआठच्या आसपास, तेव्हा त्या डुलकीशिवाय भागत नाही. आत्ता हिवाळ्यात रात्र मोठी आहे, तिचा फायदा घे. आणि वय ४१ आहे तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. पाळी मागेपुढे होत असेल, रात्री घाम येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. याच वयात पुष्कळ बायकांची झोप पहाटे मोडते आणि त्या बिचाऱ्या नजर उतरवत बसतात.

पाळीवरून आठवलं. त्या दिवसांत नमाज नाही म्हणून रात्रीचं सगळंच बंद, आणि त्याच रात्री तुला सर्वांत जास्त भीती वाटते, असं तू एका ओळीत लिहून गेलीस. जिक्र, म्हणजे नामस्मरण, आणि दुआ त्या दिवसांतही चालतात. आयतुल कुर्सीसारख्या आयती दुआच्या हेतूनं म्हणायला हनफी पंथाचे आलिमही, म्हणजे धर्मपंडितही, मुभा देतात. मनात शंका असेल तर ओळखीच्या आलिमाला विचार, पण त्या रात्री रिकाम्या ठेवू नकोस.

आता वुजूचं आणि गणतीचं. इथं मला तुझी खरी काळजी वाटते. पुन्हा पुन्हा करणं, नीट झालं नाही असं वाटणं, नाही केलं तर पोराला काही होईल ही भीती, आणि केल्यावर दोन मिनिटांचा सुकून, मग पुन्हा तेच. याला आपल्याकडे वसवसा म्हणतात आणि डॉक्टर ओसीडी म्हणतात. तुला तोच आहे असं मी पत्रावरून ठरवणार नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं. पण एवढं खरं की या भीतीला जितकं ऐकावं तितकी ती वाढते. फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, नियमच आहे, यकीन, म्हणजे खात्री, शंकेनं जात नाही. वुजू केलास हे तुला पक्कं ठाऊक आहे, नीट झाला की नाही ही शंका आहे. बस, वुजू झाला. डॉक्टरही जवळपास हेच शिकवतात: भीती येऊ दे, पुन्हा करू नकोस, ती आपोआप उतरेपर्यंत थांब. एका टप्प्यापुढे हे एकटीनं जमत नाही, त्यासाठी माणूस लागतो, आणि मदत घेतली की बरं होतं. आमच्या वाचकांत गजाननाचं एकवीस वेळा की बावीस वेळा झालं म्हणून पुन्हा सुरुवात करणाऱ्या काकू आहेत, मला त्यांचीही पत्रं येतात. भीती तीच, फक्त माळ वेगळी.

ईमानाचं विचारलंस. हजरत याकूब मुलाच्या दुःखात इतके रडले की डोळे पांढरे झाले, असं सूरह यूसुफमध्ये आहे. हजरत मूसांच्या आईचं काळीज रिकामं झालं, असं सूरह कससमध्ये आहे. पैगंबर साहेबांच्या आयुष्यात बीबी खदीजा आणि चाचा अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्याला दुःखाचं वर्ष असंच नाव पडलं. यांच्यातल्या कोणाचं ईमान कच्चं होतं, ते नणंदेला विचार. सहाबींपैकी काहीजण तक्रार घेऊन आले होते की मनात असे विचार येतात की तोंडानं सांगवत नाहीत. त्यांना उत्तर मिळालं की असं खटकणं हेच तर ईमान आहे. तुझे वडील जाऊन आठ महिने झालेत. त्यांच्याबद्दल पत्रात तू एकच वाक्य लिहिलंस आणि वजीफ्यांवर दोन पानं. मला वाटतं, अडीच वाजता जे उठतं त्यात थोडे तेही असतील. कधी कोणाजवळ बसून रडलीस का? दिवसा, चहा पीत, भावाजवळ, आईजवळ?

आणि त्या कपाटातल्या गोळ्या. काही बेदूइन, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, पैगंबर साहेबांकडे येऊन विचारते झाले की औषध करावं का. उत्तर होतं, करा. अल्लाहनं असा आजार ठेवला नाही ज्याचं औषध ठेवलं नाही. उंट बांध आणि मग भरवसा ठेव, ही हदीस तर तू पोरांनाही सांगत असशील. हजार वर्षांपूर्वी अबू जैद अल-बल्खी नावाच्या मुस्लिम विद्वानानं, जो ९३४ मध्ये वारला, शरीराच्या आणि मनाच्या आजारांवर एकाच ग्रंथात लिहिलं. भीती, दुःख, संताप आणि वसवसा यांवर वेगळं वेगळं. ज्या दुःखाचं कारण माहीत आहे ते एक, आणि कारण सापडत नाही ते दुसरं, त्याचं मूळ शरीरात असतं आणि त्याला शरीराचाच इलाज लागतो, असं त्यानं लिहून ठेवलंय. तेव्हा गोळी ही काही परवा आलेली बिदअत, म्हणजे धर्मात नव्यानं घुसवलेली गोष्ट, नाही.

पण मीही तुला त्या गोळ्या उद्यापासून सुरू कर असं सांगणार नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या आहेत की गेल्या महिन्यातल्या, ते तू लिहिलं नाहीस. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचार: ही झोपेची आहे की घाबरण्याची? सवय लागणारी आहे का? किती दिवस घ्यायची? काही गोळ्यांची सवय लागते, त्या थोडेच दिवस देतात. काहींची तशी लागत नाही, पण असर यायला दोन-चार आठवडे जातात, आणि मनानं बंद करायच्या नसतात. रमजान येतोय तर वेळा कशा बदलायच्या तेही आधीच विचारून ठेव. आणि औषधाशिवाय, झोप न येण्यावर बोलून, सवयी बदलून करायचा उपचारही असतो, तो आधी द्यायची पद्धत आहे. मिळतो का विचार. मेयो हे सरकारी रुग्णालय तुझ्या घरापासून लांब नाही, तिथं आणि मेडिकल कॉलेजलाही मानसोपचार विभाग आहे. जायला संकोच वाटत असेल तर आधी १४४१६ वर फोन कर, टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असं कधी मनात आलं तर मात्र सकाळची वाट बघू नकोस, त्याच घडीला नवऱ्याला उठव आणि फोन लाव.

"लोक पागलखान्यात गेली म्हणतील" असं तू लिहिलंस. आपल्या शहरात ही भीती जुनी आहे. पण ज्यांच्या ताजबागेतल्या दर्ग्यात तू मन्नत मागायला गेलीस, ते ताजुद्दीन बाबा कामठीत जन्मले आणि १८९२ मध्ये याच शहराच्या पागलखान्यात दाखल झाले. सोळा वर्षं तिथं होते. १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं. बाबांना आजार नव्हता असं त्यांचे भक्त मानतात, त्यावर मी बोलणार नाही. एवढंच म्हणते की त्या दारातून आत गेल्यानं नागपूरकरांच्या मनात त्यांची इज्जत कमी झाली नाही.

नणंदेचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. तुला तिचा राग आहे, तो पत्रात ओळीओळीत दिसतो, आणि "ईमान कच्चा" हे वाक्य कोणालाही लागेल. पण तू सहज लिहून गेलीस ते बघ: तिचा वजीफा रात्री दीडला येतो. एकदा नाही, बहुतेक रात्री. म्हणजे दीड वाजता तीही जागी असते, फोन हातात घेऊन, अंधारात कोणाला तरी काहीतरी पाठवत. पुढच्या वेळी भेटलात की तिला यादीबद्दल काही बोलू नकोस. दोघींचा चहा कर, आणि विचार, "बाजी, तुम्हाला झोप लागते का हो?"